ऑर्गनचं बिऱ्हाड

इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या जुन्या खाणकामगारांच्या गावांतून जाताना एकाच रस्त्यावर दोन-दोन, कधी तीन-तीन चॅपल दिसतात. मेथडिस्ट पंथाच्या निरनिराळ्या शाखांनी एकोणिसाव्या शतकात ती आपापल्या वर्गणीतून उभी केली. १९३२ साली या शाखा एकत्र आल्या. इमारती मात्र तेवढ्याच राहिल्या, आणि पुढच्या दशकांत एकेक बंद पडत गेली. कुठे फ्लॅट निघाले, कुठे गालिच्यांचं दुकान. बंद होणाऱ्या चॅपलमधली बाकं विकली जातात, रंगीत काचांनाही गिऱ्हाईक मिळतं. भिंतीला पाठ लावून उभा असलेला पाइप ऑर्गन मात्र पटकन कुणालाच नको असतो. इमारतीचा ताबा द्यायची तारीख ठरलेली असते. तोवर ऑर्गनला नवं घर मिळालं नाही, तर लाकूड मोडीत जातं आणि पाइप वितळवले जातात. ते शिसं आणि कथलाचे असतात, आणि भंगारात शिशाला भाव येतो.

मी ज्या ऑर्गन-वर्कशॉपमध्ये काम करते तिथे असे फोन नेहमी येतात. बहुतेकांना नाही म्हणावं लागतं, कारण ठेवायला जागा नसते. ज्या एकाला हो म्हटलं, त्याच्याबद्दल हे लिहिते आहे.

माझं मूळ गाव सांगली. आजोबा पेट्या दुरुस्त करत. भात्याला कातडी पट्टी कशी लावायची, सरस किती पातळ हवा, हे मी शाळेत असतानाच त्यांच्याजवळ बसून शिकले. पुढे इंजिनिअरिंग झालं, लग्न होऊन बर्मिंगहॅमला आले, आणि शिकाऊ कारागीर हवा आहे ही जाहिरात वाचून या वर्कशॉपचं दार वाजवलं. ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा, बालगंधर्वांच्या मागे वाजणारा ऑर्गन आठवतो. त्यात पेटीसारख्याच पितळी पट्ट्या थरथरतात. पाइप ऑर्गनमधल्या बहुतेक पाइपांत असं काही नसतं. त्यांचं तत्त्व बासरीचं. प्रत्येक स्वराला वेगळा पाइप, आणि प्रत्येक स्टॉपसाठी त्या पाइपांची वेगळी रांग. स्टॉप म्हणजे पेटीची खुंटी समजा, फक्त ती ओढली की एक अख्खी रांग बोलायला तयार होते.

आमच्याकडे आलेला ऑर्गन एका कीबोर्डचा आणि पाच स्टॉपचा होता. पाइप अडीचशेच्या वर. कारागिराच्या नावाची पाटी कुठेच नव्हती. घडणीवरून तो १८४० च्या आसपासचा असावा, असं आमच्या वर्कशॉपमधल्या सर्वांत ज्येष्ठ कारागिराचं मत पडलं. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत, आणि लाकडाचा वास घेऊन ते कुठलं हे सांगतात.

असा ऑर्गन उतरवताना सगळ्यात आधी पाइप काढायचे. मोठे, जड, लाकडी पाइप शेवटी. धातूचा पाइप पायाकडून धरायचा, मधोमध कधीच नाही, कारण शिसं इतकं मऊ की बोटांचा ठसा उमटतो. पाइप हातात धरून ठेवला तर हाताच्या उबेने त्याचा सूर चढतो आणि पुन्हा खाली यायला वेळ लागतो, म्हणून सूर लावताना तर त्याला शक्य तितका स्पर्शच करायचा नसतो. पाइप निघाले की खाली दिसतो साउंडबोर्ड. ओकची एक मोठी, सपाट, आतून खोबणींनी भरलेली पेटी. प्रत्येक पट्टीसाठी एक खोबण, प्रत्येक खोबणीखाली कातडं लावलेली एक झडप. पट्टी दाबली की तिला जोडलेली लाकडाची बारीक चीप, जिला सगळे ट्रॅकर म्हणतात, ती झडप खाली ओढते आणि हवा खोबणीत शिरते. बोट आणि झडप यांच्यामध्ये लाकूड, तार आणि कातडं याखेरीज काहीही नसतं. हवेचा दाब झडपेला वर धरून ठेवतो, तो मोडताना बोटाला जाणवतो. तापल्या दुधावरची साय बोटाने फुटावी तसा तो क्षण असतो. ज्याने एकदा अशा ऑर्गनवर बोट ठेवलं त्याला विजेवर चालणारी पट्टी पोकळ वाटते.

हीच यंत्रणा लहान ऑर्गनला जगवते, हे मला काम करता करता पटत गेलं. १९०० च्या सुमारास हवेच्या नळ्यांवर चालणारे ऑर्गन फार लोकप्रिय होते. त्यांत पट्टीपासून झडपेपर्यंत शिशाच्या नळ्यांचं जंगल आणि कातड्याचे छोटे-छोटे भाते असतात. कातडं कुजलं की ऑर्गन मुका. तो हलवायचा तर नळ्या कापाव्या लागतात. ट्रॅकरचा ऑर्गन मात्र स्क्रू आणि खुंट्या सोडवून सुटा होतो, गाडीत बसतो, दुसऱ्या गावी पुन्हा उभा राहतो. काही मोडलं तर गावातला सुतारसुद्धा नीट पाहून दुरुस्त करू शकेल. ऑर्गन हलवणं म्हणजे त्याचा अपमान, तो जिथे जन्मला तिथेच असावा, असं मानणारे जाणकार इथे आहेत. त्यांचा मुद्दा मला समजतो, पण मान्य नाही. जे जुने छोटे ऑर्गन आज वाजताहेत त्यांतले कितीतरी केवळ बिऱ्हाड बदलल्यामुळे वाचले.

ग्रेट पॅकिंग्टनचंच बघा. बर्मिंगहॅम आणि कॉव्हेंट्रीच्या मधोमध असलेलं हे ठिकाण आमच्या वर्कशॉपपासून लांब नाही. तिथल्या सेंट जेम्स चर्चमधला ऑर्गन मुळात घरासाठी बांधला गेला होता. हँडेलच्या 'मसाया' या संगीतरचनेची शब्दसंहिता जुळवणारे चार्ल्स जेनन्स यांना लेस्टरशरमधल्या गॉप्सल हॉल या आपल्या हवेलीसाठी ऑर्गन हवा होता. त्यांनी सल्ला विचारला तो थेट हँडेलला. हँडेलने ३० सप्टेंबर १७४९ रोजी पत्र लिहून कोणकोणते स्टॉप असावेत त्याची यादीच पाठवली. ऑर्गन बांधला थॉमस पार्कर यांनी. जेनन्स १७७३ साली वारले, आणि पुढे तो ऑर्गन त्यांच्या नात्यातल्या अर्ल ऑफ एल्सफर्ड यांच्या पॅकिंग्टनच्या जहागिरीत आला. चर्च १७८९-९० मधलं, जोसेफ बोनोमी या वास्तुरचनाकाराचं: जाडजूड डोरिक खांब, वर कमानींचं छत, सजावट जवळजवळ नाही. गॉप्सल हॉल विसाव्या शतकाच्या मध्यास जमीनदोस्त झाला. ऑर्गन मात्र १९५० च्या दशकात जगभर ऐकला गेला, कारण ऑर्गनवादक ई. पॉवर बिग्ज यांनी हँडेलचे ऑर्गन कॉन्चेर्टो याच वाद्यावर ध्वनिमुद्रित केले. सोबत होता लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, आणि त्याचं संचालन एड्रियन बोल्ट यांच्याकडे होतं.

हँडेलच्या त्या पत्रातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रीडचे, म्हणजे जिभलीचे स्टॉप घेऊ नका, असं त्याने सुचवलं होतं. त्यांचा सूर सारखा लावावा लागतो आणि खेडेगावात ते गैरसोयीचं. हा व्यवहार सांगणारा माणूस युरोपातल्या सर्वांत मोठ्या संगीतकारांपैकी एक होता. यंत्र पुढच्या माणसाला सांभाळता आलं पाहिजे, हे त्याने आधी पाहिलं.

टूक्सबरी ॲबीतल्या 'मिल्टन' ऑर्गनची वाटचाल तर आणखी वळणांची. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजसाठी बांधला गेला. १६४४ मध्ये पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकायचा हुकूम काढला, देशभर पाइप उपटले गेले. हा एक मात्र क्रॉमवेलच्या राहत्या महालात, हॅम्प्टन कोर्टला गेला. राजेशाही परतल्यावर तो कॉलेजात परत आला, आणि १७३७ मध्ये टूक्सबरीला. प्रार्थनेत ऑर्गन नको म्हणणाऱ्या राजवटीचा प्रमुख घरी मात्र तो ऐकत होता.

आणि ज्यांना घर मिळालं नाही त्यांचं काय झालं, हे सफकमधल्या वेदरिंगसेटच्या फळीवरून कळतं. तिथल्या एका शेतघरात १९७७ साली काम चालू असताना एक जाड ओकची फळी सापडली, तिच्यावर खोबणी आणि भोकं. ती सोळाव्या शतकातल्या ऑर्गनचा साउंडबोर्ड होती. त्या काळातला एकही इंग्लिश ऑर्गन वाजता उरलेला नाही. या फळीवरून आणि विंगफील्डच्या चर्चमधल्या अशाच दुसऱ्या फळीवरून मार्टिन गेट्झ आणि डॉमिनिक ग्विन यांच्या वर्कशॉपने एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन ऑर्गन नव्याने बांधले. भोकांच्या आकारावरून पाइपांचे पाय किती जाड ते कळलं, त्यांमधल्या अंतरावरून पाइपांची रुंदी. हे दोन ऑर्गन एका जागी राहत नाहीत. आज या कॅथीड्रलात, पुढे त्या चर्चमध्ये, असे मुक्काम करत फिरतात. मला ही कल्पना विलक्षण आवडते.

आपल्या दक्षिणेतून गेलेला एक छोटा ऑर्गनही इथेच आहे. टिपू सुलतानाचा वाघ. लाकडी वाघ इंग्रज शिपायाला फाडतो आहे, आणि वाघाच्या कुशीत अठरा स्वरांचा ऑर्गन, पितळी पाइपांचा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो लंडनला आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीत येणारा-जाणारा कुणीही त्याचा दांडा फिरवायचा, आणि शेजारच्या वाचनालयातले लोक वैतागायचे. आता तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बमुळे छप्पर कोसळून त्याचे शेकडो तुकडे झाले होते, ते जुळवून १९४७ पर्यंत तो पुन्हा उभा केला गेला. या निगराणीबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण काचेआड गप्प उभ्या वाद्यासमोर मी फार वेळ थांबू शकत नाही.

तर आमचा ऑर्गन. त्याची मागची घरं कुणी सांगितली नाहीत, ती त्याच्या पोटात सापडली. भाता सोडवला तेव्हा खाली एका पायपट्टीच्या जोडणीच्या खुणा होत्या. म्हणजे वाजवणाऱ्यानेच पायाने हवा भरायची सोय. हे घरगुती ऑर्गनचं लक्षण, दिवाणखान्यात दुसरा माणूस ठेवत नसत. पुढच्या बाजूला कपाटासारखी दारं असावीत, बिजागऱ्यांच्या जागा बुजवलेल्या दिसल्या. बाजूच्या भिंतीत नंतर कापलेली उभी खाच होती, भात्याच्या दांड्यासाठी. तिच्या आजूबाजूला पेन्सिलीने मुलांची नावं लिहिलेली. प्रार्थनेच्या वेळी भाता मारायला बसवलेली ही मुलं, लांबलचक प्रवचन चालू असताना त्यांनी वेळ घालवला तो असा. आणि तळाशी विजेचा पंखा, विसाव्या शतकातला. हवा भरण्याचे तीन प्रकार, म्हणजे दिवाणखाना, चॅपल, आणि चॅपलमधली वीज. चॅपलच्या गॅलरीखाली मावावा म्हणून माथ्याची नक्षी करवतीने उडवली होती. तेव्हा माझ्या तोंडून शिवी निघाली असती. पण ज्येष्ठांनी ती कड हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, कापणारा सुतार चांगला होता, त्याने पाइपांना धक्का लागू दिलेला नाही. त्यानंतर मी त्या सुताराकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागले. त्याला ऑर्गन वाचवायचा होता, आणि छत खाली होतं.

सूर हा या कामातला माझा सर्वांत जवळचा भाग. इंग्लंडमधले ऑर्गन साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मीनटोन पद्धतीने लावत. तीत बऱ्याच स्वरांवरून शुद्ध गंधार मिळतो, अगदी मिरजेच्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून आपोआप उमटतो तो. त्याची किंमत म्हणून एक पंचम इतका बिघडतो की तो लागणाऱ्या पट्ट्यांत वाजवताच येत नाही. लंडनच्या टेंपल चर्चमधल्या सतराव्या शतकातल्या ऑर्गनमध्ये त्यावर उपाय म्हणून काही काळ्या पट्ट्या चिरून दोन केल्या होत्या. गॉप्सलच्या त्याच पार्कर यांनी १७६८ मध्ये फाउंडलिंग हॉस्पिटलसाठी सप्तकात बाराहून जास्त स्वर देणारा ऑर्गन बांधला. पुढे समान अंतराची पद्धत आली आणि सगळेच गंधार थोडे चढे झाले, पेटीत आहेत तसे.

मीनटोनमधला एक छोटा ऑर्गन मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सा आणि ग एकदम वाजले, आणि एरवी पाइपांमध्ये ऐकू येणाऱ्या सततच्या लहरी थांबल्या. मला सांगली आठवली. आमच्याच गावच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. क्लेमेंट्स हे आय.सी.एस. अधिकारी त्यांच्या जोडीला होते, गळा होता खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा, आणि श्रुतींची पेटी बनवून घेतली ती लंडनमध्ये. ज्या प्रश्नावर देवल झिजले तोच प्रश्न इथल्या कारागिरांनी पट्ट्या चिरून सोडवायचा प्रयत्न केला होता, हे कळल्यावर हे काम मला परकं वाटेनासं झालं. आजोबा असते तर त्यांनी तो गंधार ऐकून मान डोलवली असती.

आमच्या ऑर्गनचे पाइप मात्र चॅपलमध्ये कधीतरी माथ्याकडून कापून समान अंतराला आणलेले होते. ते पुन्हा लांब करून मीनटोन करता आलं असतं. आम्ही केलं नाही. नव्या घरात त्याला सगळ्या पट्ट्यांतली भजनं वाजवायची होती.

नवं घर मिळालं श्रॉपशरमधल्या एका लहान दगडी चर्चमध्ये. इथे चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतीत खुंटीसुद्धा परवानगीशिवाय ठोकता येत नाही. त्या परवानगीला फॅकल्टी म्हणतात. धर्मप्रांताचे ऑर्गन-सल्लागार येऊन पाहून जातात, समिती बसते, सूचना दारावर लागते, आणि सगळं महिनोन्‌महिने चालतं. मला सुरुवातीला हा छळ वाटायचा. आता वाटत नाही. घाईत काढलेल्या ऑर्गनचे ढीग मी पाहिले आहेत.

जोडणी झाली, हवा भरली, पहिला स्टॉप ओढला, आणि तो छोटा ऑर्गन त्या चर्चमध्ये किंचाळला. चॅपलमध्ये गालिचा होता, गॅलरी होती, गच्च माणसं आणि जोरात गाणी, ते सगळं आवाज शोषून घेत होतं. इथे दगड आणि उघड्या तुळयांचं छप्पर. हवेचा दाब इथे अजूनही पाण्याच्या इंचांत मोजतात. पाणी भरलेली काचेची वाकडी नळी साउंडबोर्डला लावली तर साडेतीन इंचांवर गेली. असा दिवाणखान्यातला ऑर्गन अडीच इंचांवर घडवलेला असावा. भात्यावर मूळच्या लोखंडी वजनांशेजारी विटा ठेवलेल्या होत्या, भट्टीचा छाप असलेल्या. चॅपलमध्ये आवाज वाढवायला कुणीतरी ठेवल्या असणार. आम्ही त्या एकेक करून उतरवल्या. दर विटेगणिक स्वर मऊ होत गेला, थोडा उतरतही गेला, आणि अडीच इंचांच्या जवळ काही पाइप बोलायला कचरू लागले.

इथून पुढचं काम सर्वांत अवघड. पाइपाच्या ओठाची उंची वाढवली तर आवाज बदलतो आणि ते परत फिरवता येत नाही. ओठ किंचित आत-बाहेर करणं मात्र पुन्हा सरळ करता येतं. आम्ही फक्त तेवढंच केलं. ज्येष्ठ चर्चच्या दुसऱ्या टोकाला, नामकरणाच्या कुंडाजवळ बसायचे, मी पाइपाशी. ते हात वर करायचे किंवा खाली. खोली काही स्वर फुगवते, काही गिळते. मधल्या सप्तकातला एक स्वर तिथे इतका भरून यायचा की तो पाइप आम्ही जवळजवळ कुजबुजता ठेवला. वर्कशॉपमध्ये तो इतर पाइपांच्या मानाने चुकीचा वाटला असता. ऑर्गन नुसता लाकूड आणि शिशाचा नसतो, निम्मा तो भिंतींचा असतो, हे कागदावर मी वाचलं होतं. ते हाताला कळलं त्या आठवड्यांत.

चर्चच्या समितीतल्या एका आजींना ट्रंपेटचा, म्हणजे जिभलीचाच, स्टॉप हवा होता. लग्नात वाजेल असा. त्यासाठी पैसे द्यायलाही त्या तयार होत्या. मी त्यांना हँडेलच्या पत्राची गोष्ट सांगितली, आणि व्यवहारही सांगितला. तापमान एका अंशाने चढलं की साध्या पाइपांचा सूर सुमारे तीन सेंट चढतो, शंभर सेंटचा अर्धस्वर धरून. जिभलीचा पाइप त्यांच्यासोबत तेवढा चढत नाही. हिवाळ्यात थंड आणि रविवारी तासभर तापवलेल्या चर्चमध्ये तो नेहमी वेगळा वाजणार, आणि सूर लावणारा माणूस वर्षातून जेमतेम दोनदा येणार. आजींनी ते ऐकून घेतलं. त्यांचे पैसे शेवटी हिटिंगच्या नव्या व्यवस्थेला लागले, बाकांखालच्या मंद उष्णतेला. कडक गरम हवेने ओक सुकतो, साउंडबोर्डला चिरा पडतात, आणि एका पाइपाची हवा दुसऱ्याच्या खोबणीत गळते. कुठल्याही नव्या स्टॉपपेक्षा हा खर्च या ऑर्गनच्या जास्त कामाचा आहे.

शेवटच्या दिवशी ऑर्गनच्या मागच्या फळीआड एक कागद चिकटवला. वर्कशॉपची ती जुनी रीत आहे, आणि या वेळी लिहायचं काम माझ्याकडे होतं. हवेचा दाब, सूर आणि तो लावतानाचं तापमान लिहिलं. कुठले पाइप मूळचे नाहीत ते लिहिलं, झडपांना कुठल्या मेंढीचं कातडं वापरलं तेही. पाठीमागची फळी काढण्याआधी डावीकडचे लांब स्क्रू सोडवावेत, नाहीतर ट्रॅकर तुटतील, हे मोठ्या अक्षरात. आणि खाली: भात्यावरच्या विटा काढल्या आहेत, त्या मनोऱ्याखालच्या खोलीत ठेवल्या आहेत. पुढची खोली मोठी असेल किंवा गालिच्याची असेल तर त्या सोबत न्याव्यात.